पावणेदोनशे, अडीचशे आणि तांब्याभर ताक

नीलव्वा अक्कांचं नाव आधी घेतो, मग पुढचं. त्या नसत्या तर नववी नापास झालेला मी कोकणात परत गेलो असतो, काजूच्या कारखान्यात बिया फोडत बसलो असतो आणि हात काळे करून घेतले असते. काळे हात मला सोलापुरातही मिळालेच म्हणा, पण ते ग्रीसचे होते आणि मला हवे होते. अक्का म्हणजे आमचे गॅरेजवाले बसवंतअण्णा, त्यांच्या बायको. माझं त्यांचं नातं काही नाही. गाव एक नाही, जात एक नाही, ताटातलं जेवणसुद्धा एक नाही. तरी पहिल्या दिवसापासून त्या मला ‘तम्मा’ म्हणायच्या. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं, सोलापुरात गड्याला अशीच हाक मारत असतील.

माझा मामा एसटीत ड्रायव्हर. लांब पल्ल्याची गाडी घेऊन तो सोलापूरला मुक्कामाला यायचा आणि त्याच्या ओळखीनं मी अण्णांच्या गॅरेजात जाऊन पडलो. पडलो म्हणजे अक्षरशः. ड्रायव्हरमागच्या बाकावर रात्रभर बसून पाय इतके आखडले होते की गॅरेजच्या पायरीवर मी पहिलं लोटांगणच घातलं. अण्णांनी वर बघितलं. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, मिशीला तपकीर, हातात स्पॅनर. म्हणाले, “पाया पडायची पद्धत चांगली हाय की पोराची!” मामा माझ्याकडं न बघता त्यांना म्हणाला, “पोरगो शिकलो तर बरा, नाय तर फुडल्या खेपेक परत न्हेतंय.” आणि निघून गेला. ते वाक्य पुढं कितीतरी महिने माझ्या कानात होतं. एसटीचा हॉर्न वाजला की पाना हातातून सुटायचा. मी मुळातला भित्रा. अजूनही आहे. दाराची घंटा वाजली की आधी वाटतं, आपल्याला न्यायला कुणीतरी आलंय.

गॅरेज पुढं आणि घर मागं, मध्ये एक उंबरा. त्याच्याही मागं एका विणकराचे माग. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मागांची खटाखट सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. त्या आवाजावर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागायचं, म्हणून आमच्या घरात प्रेमाचं बोलणंसुद्धा भांडण वाटायचं. “ऊटा आतेन?” असं अक्का ओरडायच्या, म्हणजे जेवलास का. मी घाबरून “नाही, नाही, मी काही केलं नाही” म्हणायचो. विणकराच्या घरात तेलुगू, अक्का-अण्णा एकमेकांत कानडीत, गिऱ्हाईक आलं की मराठी, आणि पंक्चरवाले चाचा त्यांच्या दखनीत सगळ्यांना शिव्या देणार. मी या चारी भाषांच्या मध्ये तोंड मिटून बसलेला. माझी मराठीसुद्धा त्यांना परकी. “आवो, हे पोरगं गाणं म्हणत बोलतंय बघा,” असं अक्का म्हणायच्या.

जेवणाचं सांगतो. घर शाकाहारी. मासळीचं नाव काढलं असतं तर अक्कांनी मला गोमूत्र शिंपडून आत घेतलं असतं. ज्वारीची कडक भाकरी, पापडासारखी वाजणारी, तिच्यावर शेंगांची चटणी आणि दही. पहिल्या आठवड्यात माझ्या हिरड्या सोलून निघाल्या. तक्रार करायची छाती नव्हती. एक दिवस अक्कांनी मला भाकरी पाण्यात बुडवून खाताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून चुलीच्या कडेला एक चिमुकलं पातेलं दिसायला लागलं. त्यात मऊ भात. रोज. फक्त माझ्यासाठी. अण्णा एकदा म्हणाले, “ए कोकण्या, घरजावई हाईस काय रे?” अक्का आतून ओरडल्या, “तुमाला पोरगी न्हाय म्हणून त्याचा काय दोष?” भाताची ती वाफ आठवली की आजही समोरचं धूसर होतं. मग चष्मा पुसावा लागतो.

आता गाड्या. आमच्याकडं कंपनीच्या नावानं कुणी गाडी ओळखत नसे. इंजिनाच्या मापानं ओळखायचे. पावणेदोनशे, अडीचशे, साडेतीनशे. साडेतीनशे म्हणजे पोलिसांची आणि जमीनदारांची, तिच्याशी आमचा वाद नव्हता. खरा वाद पावणेदोनशे आणि अडीचशेचा, आणि तो गॅरेजसमोरच्या चहाच्या टपरीवर वर्षभर चालू असायचा. पावणेदोनशे अण्णांची स्वतःची. भंगारातून आणलेली, मडगार्ड कापलेलं, हँडल खाली बसवलेलं, सीट चपटी, इंजिनाची तोंडं अण्णांनी कानशीनं घासून मोठी केलेली. रेसची गाडी म्हणून पोरं तिला बघायला यायची. अडीचशे इरण्णाची. इरण्णा तेलगिरणीवाल्यांचा मुलगा, वैरागच्या बाजारातून करडई भरून आणायची आणि सोलापुरात घाणा चालवायचा, हा त्याचा धंदा. गडी दांडगा, मनानं लोण्यासारखा, आवाजानं लाऊडस्पीकर. त्याच्या अडीचशेला दोन सायलेन्सर, टाकीला चकचकीत निकेल, आणि किक मारायची दांडी तीच पुढं ढकलली की गिअरची दांडी.

दोन्ही गाड्यांची दुरुस्ती झाली की ट्रायल मारायचं काम माझं. अण्णांचा गुडघा धरला होता, म्हणून. ते काम मिळालं त्या दिवशी मला झोप नाही आली. त्या वयात मला काही येत नव्हतं, पण गाडीवर बसलं की ती काय म्हणते ते माझ्या बुडाला कळायचं. दुसरा सभ्य शब्द मला सापडत नाही. अडीचशे म्हणजे तगडा बैल. पहिल्यात, दुसऱ्यात तुम्हाला ढकलायची, तिसऱ्यात पिकअप असा की पोट मागं राहायचं. अक्कलकोट रस्त्यावर सरळ सोडली की रस्त्यात रुतून बसल्यासारखी जायची, वाऱ्यानं हलायची नाही. पण वळण आलं की ती ऐकायची नाही. खांद्यानं ढकला, मांडीनं दाबा, ती आपली ताठ उभी. पावणेदोनशेत तेवढा दम नव्हता. चढावर तिला गिअर उतरवून, मूठ पिळून, जवळजवळ लाडीगोडी लावून न्यावं लागायचं. आणि वळणावर? वळणावर ती माझ्या आधी वळायची. मी नुसतं बघायचो आणि ती तिकडं गेलेली असायची. मी कोकणातल्या घाटात सायकलवर वाढलेला, एका हाताला दरी, एका हाताला डोंगर, ब्रेक नावाला. वळणावर अंग टाकायला मला भीती वाटत नसे. जगातल्या इतर प्रत्येक गोष्टीची वाटायची, फक्त ह्याची नाही. सोलापूरची पोरं उलट. रस्ते सगळे तारेसारखे सरळ, त्यामुळं त्यांची सगळी मर्दुमकी मुठीत.

“गाडीला ताकद पायजे,” इरण्णा टपरीवर गरजायचा. “वळायला बैलगाडी बी वळती!”

“आन् थांबायला?” अण्णा तपकिरीची चिमूट ओढत म्हणायचे. “तुझी गाडी थांबवायला भिंत लागती.”

असं रोज.

त्या हिवाळ्यात मामा आला. संक्रांतीच्या आधीचे दिवस, ज्वारीला हुरडा आलेला. मामानं गॅरेजात उभं राहून माझ्याकडं नीट बघितलं. मी तेव्हा रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत होतो. “मेल्या, इतक्या दिवसांत भांडीच घासतंस?” तो म्हणाला. मग अण्णांना म्हणाला की काजूच्या कारखान्यात जागा झालीय, उद्या संध्याकाळच्या गाडीनं पोराला नेतो. अण्णांनी हातातला स्पॅनर पुसायला घेतला. त्यांना दोन जुने गडी होते, तिसऱ्याची गरज होती की नव्हती हे त्यांनाच ठाऊक नसावं. माझे हात रॉकेलमध्येच राहिले. धुतलेले नटबोल्ट मी पुन्हा धुवायला घेतले.

नेमकं त्याच वेळी टपरीवर इरण्णा आणि त्याचा साडू शरणप्पा अडीचशेचं कौतुक करत होते. अक्का उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. इरकल साडी, पदर खोचलेला, हाताला पीठ. “इरण्णा, उद्या सगळी शेतावर हुरड्याला येनार न्हवं?” त्यांनी ओरडून विचारलं. अण्णांचं शेत होटगीच्या पलीकडं. “येनार की,” इरण्णा म्हणाला. “मग हुरड्याला ताक तुमी न्या. तांब्या काठोकाठ भरून देते. तुमच्या गाडीवर एक, आमच्या गाडीवर एक. मागं बसनारानं हातात धरायचा, वर झाकन न्हाय, वरून तळवा बी लावायचा न्हाय. निम्म्याच्या वर ताक ठेवून जो आदी पोचंल त्याची गाडी खरी. रोजरोजची कटकट मिटंल.” टपरी खुश झाली. मग अक्का मामाकडं वळल्या. “दाजी, आमची गाडी हे पोरगं चालवंल. जिंकलं तर हितंच ऱ्हाईल. हरलं तर घेऊन जावा.”

मामा हसला. “बरा,” म्हणाला. अण्णा म्हणाले, “अगं, पन मागं कोन बसनार?”

“मी. घागरी काय तुमी वाहिल्या हाईत का जन्मभर?”

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. सकाळ सांगतो. अक्कांनी सणाचं घर धुवायला काढलं होतं. भांडीकुंडी, डबे, बरण्या सगळं उंबऱ्यावर रांगेनं मांडलेलं. आमच्या गल्लीत एक रीत होती. इंजिन ऑइलचे रिकामे पत्र्याचे डबे राखेनं आणि उकळत्या पाण्यानं घासायचे आणि त्यात घरचं करडईचं तेल ठेवायचं. डबे मजबूत, झाकणं घट्ट. आज हे सांगितलं की माझी सून दोन्ही कान धरते, पण त्यावर आम्ही सगळे वाढलो. त्यामुळं गॅरेजात जसा डबा, तसाच डबा स्वयंपाकघरात. एरवी मध्ये उंबरा असायचा. आज उंबऱ्यावरच डबे होते.

या गाड्यांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकायचं असतं. ते काम रोजचं माझं. पण त्या दिवशी अण्णांनी मला हात लावू दिला नाही. “आज शर्यत हाय, मिसळन माझ्या हातचं.” उंबऱ्यावरून डबा उचलला, झाकणानं मापून ओतलं, गाडी गदगदा हलवली, आणि स्टँडवर थांबलेल्या मामाबरोबर होटगीच्या एसटीनं पुढं निघून गेले. तेलाचा वास त्यांना येणं शक्य नव्हतं. तपकिरीनं त्यांच्या नाकाचं कधीच देऊळ बंद केलं होतं. आणि मला भीतीपुढं कसलाच वास येत नव्हता.

टपरीवाल्यानं फडकं हलवलं. शरणप्पाला मागं बसवून इरण्णा असा सुटला की त्याच्या धुरात आम्हाला रस्ता दिसेना. अक्का माझ्यामागं एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, डावा हात माझ्या खांद्यावर, उजव्या तळव्यावर तांब्या. “तम्मा, ताकाकडं मी बघते. तू रस्त्याकडं बघ.” नाक्यापर्यंत रस्ता वळणांचा, हातगाड्या, मागांकडं चाललेल्या बाया, रिकामे टांगे. मी गाडी अशी घातली की पाण्यातून मासळी. अक्कांना सांगितलं नाही, पण मनात तीच उपमा आली. एकही थेंब सांडला नाही. नाक्याला आम्ही इरण्णाच्या पाठोपाठ. मग सरळ रस्ता लागला आणि अडीचशेनं आपली जात दाखवली. दोन सायलेन्सर, भर्र्र, आणि शरणप्पाची पाठ रुपयाएवढी, मग आण्याएवढी झाली.

त्याच वेळी अक्का म्हणाल्या, “भजी कोन तळायलंय रं?”

मलाही वास आला. खमंग. आजूबाजूला नुसती शेतं. पुढं गेलो तरी वास. वस्तीवरची दोन कुत्री उठली आणि भुंकायच्या ऐवजी जिभा काढून आमच्यामागं धावायला लागली. बांधावरचा मेंढरं राखणारा एक म्हातारा उभा राहून नाक वर करून हुंगताना मी स्वतः पाहिला. “अय्यय्यो!” अक्का एकदम ओरडल्या. “तम्मा, हा माझ्या करडईचा वास हाय! गाडी तळनात चाललीया!” आणि त्यांना हसू फुटलं. ते साधं हसू नव्हतं. खांद्यावरचा हात गदगदत होता, सीट गदगदत होती, तांब्या गदगदत होता, आणि थंडगार ताकाचा पहिला ओघळ माझ्या मानेवरून पाठीत उतरला. “अक्का, ताक!” मी रडकुंडीला. “व्हय रं, व्हय रं,” म्हणत त्या आणखीच हसल्या. मी इतका घाबरलेला, जन्माचा निकाल लागायची वेळ, आणि मलाही हसू यायला लागलं. पोट दुखेपर्यंत. मागं निळसर धुराचा लोट, भज्यांचा वास, कुत्री, आणि आम्ही दोघं कंदिलासारखे हलत चाललेलो.

हसू ओसरल्यावर अक्का माझ्या कानाशी आल्या. “निल्लब्याड, तम्मा. थांबू नको. कढई गार झाली की करडईचं तेल डिंकागत चिकटतं. तसंच आत चिकटंल.” थांबायचं नाही म्हणता म्हणता होटगीच्या अलीकडचं रेल्वे फाटक समोर आलं. बंद. फाटकाशी ज्वारीच्या आणि कडब्याच्या बैलगाड्यांची रांग, आणि रांगेच्या कडेला अडीचशे, बंद करून ठेवलेली. फाटकाला सगळेच गाडी बंद करायचे, पेट्रोल वाचवायला. मी बंद केली नाही. क्लच दाबून, मूठ थोडी पिळून, श्वास रोखल्यासारखं इंजिन जिवंत धरून उभा राहिलो. गाड्यांना जुंपलेले बैल मान वळवून वासाकडं बघत होते.

“काय कोकण्या, भजी घेऊन आलास काय रे?” इरण्णा ओरडला.

“तुमच्याच घाण्याचं तेल हाय!” अक्का म्हणाल्या.

मालगाडी निघून गेली, फाटक उघडलं. इरण्णा किक मारतोय, तापलेली गाडी चालू होत नाही, प्रत्येक किकेला शरणप्पाला खाली उतरावं लागतंय. मी दोन बैलगाड्यांच्या चाकांमधून, मग कडब्याच्या पेंढ्यांना खांदा घासत, मग कडेच्या चरातून पलीकडं. अक्कांच्या पायाला चिखल लागला, तोंडातून कानडीतला एक शब्द गेला, तो इथं लिहीत नाही. पण त्या हलल्या नाहीत. रस्त्यावर अडीचशेनं पुन्हा गाठलंच आम्हाला. आवाज कानात घुसला, निकेल चमकली, ती पुढं गेली. मग शेताकडची वाट लागली. काळी माती, बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या. अडीचशे चाकोरीत शिरली आणि तिथून बाहेर यायला तयार होईना, तिची ताकद आता तिला फक्त पुढं ढकलत होती. मी दोन चाकोऱ्यांच्या मधल्या वरंब्यावरून गेलो. तिथं जेमतेम टायर मावत होता. मी बघत होतो आणि गाडी जात होती. आयुष्यात मी त्यानंतर पुष्कळ गाड्या चालवल्या, कितीतरी मोठ्या, पण तो वरंबा पुन्हा आला नाही.

आम्ही आधी पोचलो. अण्णा आणि मामा हुरडा भाजायच्या आगटीशी उभे होते. अक्का उतरल्या, तांब्या पुढं केला. अण्णांनी आत बोट घातलं. ताक निम्म्याच्या खाली. मागून इरण्णा आला, शरणप्पाचा तांब्या घेतला आणि उलटा केला. एक थेंब पडला नाही. “फाटकात लई ऊन हुतं,” शरणप्पा म्हणाला, “मी पिलो.” इरण्णानं त्याला ज्या नजरेनं बघितलं ती बघून माझ्यासकट सगळे हसले. फक्त मामा नाही. त्याच वेळी माझी मूठ सैल पडली आणि इंजिन बंद झालं. मी किक मारली. किक खाली जाईना. पुन्हा मारली. दगड. आत सगळं धरून बसलं होतं.

मामा वाकला, सायलेन्सरशी नाक नेलं. “हेच्यात गोडातेल कोणी घातल्यान?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं माझं काम, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. अण्णांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग त्यांना आठवलं. मला दिसलं त्यांना आठवलेलं. मिशी हलली आणि ते आगटीतली राख ढवळायला लागले. सोलापुरात पावणेदोनशेचा एवढा मोठा मिस्त्री, आणि स्वतःच्या हातानं, स्वतःच्या गाडीत, इरण्णाच्या समोर. ज्यांच्या घरी मी भात खात होतो त्यांचं नाव कसं घेऊ? आणि न घ्यावं तर संध्याकाळची गाडी. ताकही गेलेलं, इंजिनही गेलेलं. कारखान्यातला काजूचा चीक मला बोटांवर जाणवायला लागला होता.

“मी दिला डबा,” अक्का म्हणाल्या. अगदी सहज, कुणी मीठ मागितल्यासारखं. “पोराच्या हातात मीच दिला. धुनंपानी चाललं हुतं, बघितलं न्हाय. आन् ताक बी मीच सांडलं, हसून हसून. विचारा त्याला, वळनावर एक थेंब गेला का? दाजी, फाटकात ह्यानं इंजिन बंद केलं न्हाय, समजलं का? केलं असतं तर तितंच बसलो असतो.”

“म्हंजे अक्का, आता तुमी मिस्त्री झाला म्हना की!” इरण्णा गरजला. “तेलवाली अक्का!” सगळे हसले. अक्काही हसल्या, सगळ्यांच्यापेक्षा मोठ्यानं.

अण्णांनी चिमूट ओढली. तीनदा शिंकले. मग माझ्याकडं न बघता मामाला म्हणाले, “पोरगं ऱ्हाऊ दे माझ्याकडं. हात हाय त्याला. हे इंजिन आता त्यानंच खोलायचं.” मामानं फाटकाच्या दिशेला बघितलं. ड्रायव्हर माणूस. म्हणाला, “इंजिन जिवंत ठेवन उभो रवलो, म्हणजे येता मेल्याक कायतरी.” आणि हुरड्याची मूठ माझ्या हातात दिली. मी ती तोंडात टाकली आणि गरम दाण्यांनी जीभ भाजून घेतली.

ते इंजिन मी खोललं, आठवडाभर रॉकेलनं आणि खरवडून साफ केलं. त्यातून मी जे शिकलो त्यावर पुढं माझं गॅरेज झालं, पुण्यात, मग मुलाचं. पावणेदोनशे आणि अडीचशेचा वाद काही मिटला नाही. खरं विचाराल तर सरळ रस्त्याला अडीचशे आणि वळणाला पावणेदोनशे, आणि कुणाच्याही मागं हसणारी बाई बसवू नये. पण ‘तेलवाली अक्का’ हे नाव राहिलं. मी सोलापुरात होतो तोवर गल्लीतली पोरं अक्का दिसल्या की नाक वर करून हुंगायची, इरण्णा प्रत्येक सणाला “अक्का, गाडीला तेल घालू का?” म्हणायचा, आणि त्या प्रत्येक वेळी हसायच्या. अण्णा गेले तोवर त्या डब्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. ते असताना मला बोलणं शक्यच नव्हतं.

अक्का आता भाच्याकडं असतात, वय झालंय, कान चांगले आहेत. मराठी त्यांना बोलायला येतं, वाचता येत नाही. कानडीच वाचतात. म्हणजे मी हे लिहिलं काय आणि न लिहिलं काय, त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. इरण्णाही आहे, घाण्यावर खुर्ची टाकून बसतो म्हणतात. तर अक्का, मी येतो. थंडी पडली की येतो. तुम्हाला रिक्षात घालून घाण्यावर नेतो, इरण्णाला आणि जमतील त्या सगळ्यांना समोर बसवतो, आणि ओरडून सांगतो की तो डबा अक्कांनी कुणाच्या हातात दिला नव्हता. तुम्ही मला मध्येच थांबवाल, रागावाल, कानडीत काय म्हणायचं ते म्हणाल. म्हणा. या एका बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही.